दोन ठिकाणचे मोहियोद्दीनचाचा

राहुरीच्या खोलीवर मी एक बटण दाबलं आणि घोडेगावचे मोहियोद्दीनचाचा एकाच वेळी दोन ठिकाणी हजर झाले. भल्याभल्या बुवांना जमत नाही ते मी बसल्या जागी जमवलं. प्रसाद मात्र चाचांना मिळाला.

चाचा जनावरांच्या बाजारातले दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा आणि त्याच्या आडून बोटं दाबून भाव जुळवायचा. हे काय, बाजारात पन्नास जण करतात. चाचांचं वजन वेगळ्याच गोष्टीला होतं. म्हैस लाथ मारते हे विकणाऱ्यानं आधी सांगितलं होतं की नाही, यावर महिन्याभरानं भांडण लागायचं. दोघं तणतणत चाचांकडे यायचे. चाचा तंबाखू मळत म्हणायचे, "सांगितलं हुतं. माज्यासमोर." की मिटलं. कागद नाही, सही नाही, तरी पुढं कोणी बोलायचं नाही.

मी घोडेगावच्याच शाळेतला. राहुरीत कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो, म्हणजे गावाच्या हिशोबानं 'ओम मोबाईल दुरुस्त करतो'. एकदा बाजारात चहा पिताना मी चाचांना ब्लॉकचेन समजावून सांगितली. जगभरातले लोक एकमेकांशी व्यवहार करतात, मधे बँक नसते. मग व्यवहार खरा झाला हे सांगायला ठिकठिकाणी साक्षीदार बसवलेले असतात. साक्षीदार म्हणजे रात्रंदिवस चालू असलेलं एक मशीन. त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. त्याच्या मालकानं आपली डिजिटल नाणी तारण ठेवायची. साक्ष खरी दिली तर थोडी कमाई, खोटी दिली तर तारण कापलं जातं.

"म्हंजे दलालीच की," चाचा म्हणाले. "फकस्त श्यान न्हाई."

त्यांनी दोन म्हशी विकून तारणाची नाणी घेतली. एका लहानशा नेटवर्कवर आम्ही जागा मिळवली आणि चाचांच्या ओसरीत मशीन बसवलं. नाव काय द्यायचं, असं मी विचारलं. बाकीच्या साक्षीदारांची नावं लांडगा, रॉकेट, ड्रॅगन अशी. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना नाटकात काम करायला सांगतोय. "माजं नाव हाय ना? त्येच टाक." मग लांडगा आणि ड्रॅगनच्या मधे 'मोहियोद्दीन दलाल, घोडेगाव' झळकू लागलं. बाजारातल्या पोरांनी, व्यापाऱ्यांनी आपापली थोडी थोडी नाणी चाचांच्या नावामागे ठेवली. गोरक्षनाथ नावाचा गाईंचा व्यापारी तर म्हणाला, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. चाचा हाय ना, बास."

धंद्यात एकच भीती होती, लाईटची. मशीन बंद पडलं की साक्षीचा खाडा, खाड्याला दंड. आमच्याकडे विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवतात, लाईट कधीही येवो, मोटार आपली आपण सुरू होते. मी मशीनलाही तसंच करून ठेवलं. आणि जोडीला म्हणून चाचांच्या मशीनची चावी, म्हणजे सही करायचा गुप्त नंबर, राहुरीच्या माझ्या मशीनमध्येही भरून ठेवली. स्वतःवर खूश होतो मी.

मग घोडेगावची डीपी, म्हणजे गावाला लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वायरमन म्हणाला चार दिवस तरी लागतील. चाचांचा फोन आला, "इन्व्हर्टरनं मान टाकली रं. खाडा पडंल."

"तुम्ही कशालाच हात लावू नका," मी रुबाबात म्हणालो आणि राहुरीचं मशीन चालू केलं.

महावितरणच्या डीपीनं आजवर कोणावर उपकार केले नव्हते. ते तिनं नेमके त्या दिवशी केले. संध्याकाळच्या आत नवी डीपी बसली, लाईट आली आणि ओसरीतलं मशीन इमानदार मोटारीसारखं आपलं आपण सुरू झालं. आता एकाच चावीनं दोन मशिनी सह्या करत होत्या. एकाच नोंदीवर, एकाच नावानं, दोन वेगळ्या साक्षी. हजर नसणं हा खाडा. दोन साक्षी देणं हा दगा, आणि दग्याला त्या नेटवर्कवर माफी नाही. तारणातला भाग कापला गेला, मागं ठेवलेल्या लोकांचाही कापला गेला. चाचांच्या नावासमोर लाल अक्षरात आलं : दुहेरी सही, कायमचा बाद.

मी नेटवर्कच्या ग्रुपवर अर्ज-विनंत्या केल्या. लांडग्यानं उत्तर दिलं, नियम तो नियम, नव्या नावानं पुन्हा या.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "आता ह्या वयात नवं नाव कुठून आनू?"

लोकांचं नुकसान म्हणाल तर एकेकाचं शेळीच्या कानाइतकंही नव्हतं. मीच बाजारात फिरून समजावत होतो. लोक तोंड पाडून ऐकत होते, म्हणून वातावरण हलकं करायला मी म्हणालो, "चाचांचं काय चुकलं? ते फक्त इथं पण होते आणि राहुरीला पण होते."

लोक हसले. मला बरं वाटलं. पुढच्या बाजारापर्यंत माझा विनोद माझ्या आधी सगळीकडे पोचला होता.

"चाचा, चहा एक सांगू का दोन?"

"राहुरीत काय भाव चाललाय चाचा? तुमी तिथंच असाल ना आत्ता."

चाचाही हसायचे. सुरुवातीला.

मग गोरक्षनाथच्या गाईचं प्रकरण झालं. गाईचं एक सड बंद होतं, त्यातून दूध येत नव्हतं. विकताना त्यानं ते चाचांसमोर सांगितलं होतं. महिन्यानं घेणारा गाय घेऊन परत आला, मला सांगितलंच नव्हतं म्हणाला. गर्दी जमली, मीही होतो. चाचांनी तंबाखू मळत सांगितलं, "सांगितलं हुतं. माज्यासमोर."

घेणारा शांतपणे म्हणाला, "कोनत्या चाचासमोर? इथल्या, का राहुरीच्या?" आणि त्यानं मोबाईल काढून लाल अक्षरं चारचौघांना दाखवली. "ह्येंची साक्ष मशीननं बी धरली न्हाई. मी कशाला धरू?"

काही जण हसले. हसले नाहीत ते गाईकडे बघत राहिले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो आणि चावी, ऑटो, डीपी सगळं सविस्तर सांगायला लागलो. मी जितकं सांगत गेलो तितके लोक जास्त हसत गेले.

गोरक्षनाथनं गाय परत घेतली. दावं हातात घेताना चाचांना म्हणाला, "तुमी मधी नसता तर मी भांडून तरी जिकलो असतो."

त्यानंतर चाचांच्या टॉवेलखाली कोणी हात घातला नाही. ते दिवसभर टॉवेल हातावर टाकून उभे राहायचे, जसं कोणी वाळत घालायला दिलाय. मी चाचांच्या घरी गेलो तेव्हा जहिराचाचींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुजं बरं हाय बाबा. तुजं नाव कुटंच न्हाई."

हल्ली चाचा बाजाराच्या दारात गाड्यांच्या स्टँडवर पावत्या फाडतात. स्टँडचा ठेका राधाकृष्ण नावाच्या पोराकडे आहे, माझ्या वर्गातला. परवा गाडी लावली तर खिशात सुट्टे नव्हते आणि फोनला रेंज नव्हती.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले, "जाताना दील. आपला ओम हाय. मी सांगतो ना."

राधाकृष्ण खुर्चीतून न उठता म्हणाला, "तुमी सांगता म्हनून तर आधी घ्यायचे, चाचा." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी हसलो. हसायला नको होतं, पण विनोद माझाच होता, वळणं ओळखीची होती.

चाचांनी स्वतःच्या खिशातून दहाची नोट काढून राधाकृष्णच्या डब्यात टाकली आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.

"पुढच्या बाजारी देतो चाचा," मी म्हणालो.

"दे की," ते म्हणाले.

पुढच्या बाजारी मी गाडी पेट्रोल पंपाच्या अंगाला लावली आणि मागच्या फाटकानं आत गेलो.