संडासाच्या दाराचा अर्ज

सिंधूताईंच्या वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीची धडगत नसे. तिलाच त्या नेमकं उभं करत. "बोल वं, इथं कोणी खाऊन नाही टाकत तुले," असं मुद्दाम पोरींच्याच बोलीत म्हणत. घरी त्या पुस्तकी बोलायच्या, पण सातवीच्या त्या वर्गात निम्म्या मुली कोष्ट्यांच्या. पुस्तकी मराठी ऐकली की वहीत तोंड खुपसत.

१९६७ साली त्यांनी वर्गाचं मंत्रिमंडळ केलं आणि मुख्यमंत्री नेमलं कौसल्येला. देवराव विणकराची ही मुलगी सकाळी बापाच्या मागासाठी कांड्या भरून शाळेत यायची, बोटांना सुताचा रंग तसाच. जूनमध्ये 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज फुटत नव्हता. दिवाळीनंतर ती साऱ्या शाळेची प्रार्थना घेऊ लागली. भांडणं तर अशी मिटवायची की शिपाईण रुखमाबाई म्हणे, "हे पोरगी वकीलच हाय, बाई. काळा कोट तेवढा शिवून द्या."

शाळेच्या संडासाचं दार पावसाळ्यात तुटलं ते तुटलंच. मोठ्या मुली मधल्या सुटीत घरी जात, आणि घरी गेलं की आई म्हणे, आलीच आहेस तर बस, हाताला हात दे. बऱ्याच जणी परत येतच नसत. कौसल्येनं हेडमास्तर मधुकररावांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा, "होईल, होईल."

"तोंडी कशाला? लेखी द्या, सह्या घ्या," सिंधूताई म्हणाल्या. मजकूरही त्यांनीच सांगितला. सव्वीस सह्या झाल्या, पहिली कौसल्येची.

अर्ज हेडमास्तरांना द्यायचा होता. कौसल्येनं तो तपासणीच्या दिवशी थेट इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात ठेवला. साहेबांनी भर वर्गात मोठ्यानं वाचला. मधुकररावांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी देवरावाला बोलावणं गेलं.

"मुलगी पुढारीण झाली तुमची," मधुकरराव म्हणाले. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणली. कोणी शिकवलं ते हिनं सांगावं, नाहीतर दाखला घेऊन जा."

"मीच लिहिलं, सर," कौसल्या म्हणाली.

"एवढा मजकूर तुला सुचला?"

कपाटापाशी सिंधूताई उभ्या होत्या. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि शिफारस मधुकररावांच्याच हातात. 'मी सांगितलं होतं', एवढे तीन शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही. मग त्यांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"चुकलं, साहेब," देवराव हात जोडून म्हणाला. "पोरीची जात, तिले काय कळते? चाल वं."

आठवड्याभरात दार बसलं. सुटीनंतर मुली थांबू लागल्या. कौसल्या तेवढी शाळेत परतली नाही. सिंधूताई मात्र पंधरा दिवस त्या दाराकडे न बघता जात राहिल्या, आणि शेवटी एका रविवारी कौसल्येच्या घरी गेल्या.

ती ओसरीत कांड्या भरत होती. "बसा नं, बाई," म्हणत तिनं सतरंजी टाकली. तिच्यासाठी सावनेरचं स्थळ ठरलं होतं. पोरगं चांगलं हाय, दारू पीत नाही, असं तिची आई भीमाबाई चुलीपासूनच सांगत होती.

सिंधूताईंनी हळूच विचारलं, "काहून नाही घेतलंस वं माझं नाव?"

"तुम्ही तिथंच उभ्या होत्या नं, बाई. मले वाटलं, आता बाई बोलतीन."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मी उद्या जाते. मधुकररावांना सगळं सांगते."

"आता कायले, बाई? बाबानं तिकडं शब्द देऊन टाकला."

ते ऐकून सिंधूताईंचा श्वास मोकळा झाला. आता जायला नको, बोलायला नको. आणि हे आपल्याला बरं वाटलं, हे कळलं तेव्हा त्यांना त्या पोरीसमोर मान वर करवेना. भीमाबाईनं चहा आणून ठेवला. "घ्या नं, बाई," कौसल्या म्हणत होती, "थंडा होऊन राहिला."