पाझरणारी फुलदाणी

अमेरिकेत नोव्हायला आमच्या शेजारी एक जपानी काका राहायचे. कारच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी मातीत हात घातला होता. ॲन आर्बरच्या पलीकडे एका मित्राच्या शेतावर त्यांची भांडी भाजायची, लाकडावर पेटणारी भट्टी होती. वर्षातून एकदाच पेटायची. रंगबिंग देण्याची भानगड नाही. लाकडाची राख उडून भांड्यांवर बसायची आणि जाळात वितळून तिचाच रंग चढायचा.

२००५च्या उन्हाळ्यात माझी आई नागपूरहून आली होती. भट्टी उघडायच्या दिवशी काकांनी आम्हा दोघींना बोलावलं. शेवटी त्यांनी एक रुंद तोंडाची फुलदाणी बाहेर काढली. खांद्यावरून राखेचा हिरवट ओघळ आलेला. मी बघतच राहिले. हिच्यासाठीच वर्षभर थांबलो होतो, असं सांगत त्यांनी ती पाण्याने काठोकाठ भरली.

आमचा चहा होईपर्यंत तिच्या पोटावर बारीक थेंब फुटले. काकांचा चेहरा उतरला. "लीकिंग. नो गुड," म्हणत त्यांनी पाणी ओतून दिलं आणि हातोडी उचलली. फसलेलं भांडं ते घरी नेत नसत, तिथेच फोडत. मला फार वाईट वाटलं, पण त्यांच्या कामात नाक कोण खुपसणार?

आईने खुपसलं. "काहून फोडून राह्यले हे? चांगला पाझरते ना माठ!" तिने फुलदाणी चक्क उचलून पोटाशी धरली.

"आई, प्लीज! आर्ट पीस आहे तो, माठ नाही."

"पाझरल्याबिगर पाणी थंड कसं होईन? सांग त्याईले."

सांगितलं. इंग्रजीत ते फारच खुळचट वाटलं. काका हातोडी धरून ऐकत होते. मग म्हणाले, "ओके. बट आय कम अँड चेक."

आणि आठवड्याभराने खरंच आमच्या घरी आले. बाहेर ऊन रणरणत होतं. आईने फुलदाणीतून ओगराळ्याने पाणी काढून ग्लास पुढे केला. एक संपवून त्यांनी दुसरा मागितला. मग फुलदाणीच्या ओल्या पोटावर तळवा टेकवून बराच वेळ उभे राहिले. मला त्या क्षणी आईचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

पुढच्या वर्षी आई नागपुरात होती. भट्टी उघडली त्या संध्याकाळी काकांनी आमची बेल वाजवली. हातात पाण्याने भरलेली नवी फुलदाणी, पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"टेल मदर," ते म्हणाले, "धिस वन ऑल्सो लीकिंग!"