हिच्या फोनमध्ये जागा नव्हती

मित्रहो, आज सकाळी डोळखांबच्या चढावर आमच्या जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. तसाच शहापूरला घरी आलो.

शेजारच्या संतोषचं मुरबाडला गॅरेज आहे. त्याच्या सांगण्यावरून मी एक अडॅप्टर मागवून ठेवलं होतं. ते गाडीला जोडलं की बिघाड फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. पण मी आधी अडॅप्टर निवडलं आणि फोनचा विचार मागाहून केला.

संतोष म्हणाला, "काका, हे तुमच्या आयफोनला नाय चालत. घरात अँड्रॉइड हाय का?"

होता. माझ्या पत्नीचा. ती गेल्यापासून कपाटात होता. चार्ज केला, तर अ‍ॅपला जागाच नाही. सगळा फोन माझ्या आवाजाने भरलेला. गाडी चालवताना मी शाळेतल्या कविता म्हणायचो आणि शेजारी बसून ही रेकॉर्ड करायची.

"दोन-चार डिलीट मारू काय, काका?"

मी एक रेकॉर्डिंग लावून पाहिलं. कडवं अर्ध्यात अडलं होतं आणि ही हसत होती. "विसरलात ना गुरुजी? आता रस्ता तरी नका विसरू!"

रडू आलं नाही. काहीच आलं नाही. संतोष म्हणाला, दुसरीकडे कॉपी करता येतात. येत असतील. मी फोन परत कपाटात ठेवला.

आयफोनला चालणारं अडॅप्टर तुमच्यापैकी कोणी वापरतं का? त्यासोबत अ‍ॅप कोणतं घ्यावं? तोवर दिवा लागलेला राहू दे. गाडी दारातच उभी आहे.