धाकट्या जावेची कंबर

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड देहाने, कळविण्यात येते की माझी धाकटी जाऊ बारीक झाली आहे. घटना लातूरची, सुतक नांदेडला.

लग्न होऊन आलो तेव्हापासून आमचं दोघींचं ब्लाउजचं माप एक. पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागली तशा दोघी बरोबरीनं रुंदावलो. कुणाच्या साखरपुड्यात आम्ही एका सोफ्यावर बसलो की तिसरीला उभं राहावं लागे. केवढी सोबत होती ती! आणि या दिवाळीला ही बया निम्मी होऊन आली. वर माझ्या हातात ब्लाउजांचं गाठोडं ठेवून गोड आवाजात म्हणाली, "ताई, मला सैल होऊन राहिलेत. तुम्हाला बसतील."

बसले. एकाची तर शिवण उसवावी लागली.

त्यात डॉक्टरीणबाईंनी मला बजावलेलं, साखर काठावर आहे, वजन उतरवा, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल. गोळीला मी भीत नव्हते. पण गोळ्या खाणारी जाडी थोरली आणि शिडशिडीत धाकटी, असा फोटो पुढच्या लग्नात निघणार होता. मी ताबडतोब चतुर्थी, सोमवार आणि गुरुवार धरले. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेली रताळी. देव प्रसन्न झाला असावा, कारण वजन त्यानं वाढवूनच दिलं.

मग मी तुरीची डाळ आणायला म्हणून लातूरला निघाले.

"नांदेडात डाळ संपली काय?" नवऱ्यानं विचारलं.

"लातूरसारखी न्हाई," म्हणाले आणि अर्ध्या तिकिटात एसटीत बसले.

पोचले तेव्हा जाऊ आंघोळीला गेली होती. एवढी संधी मला पुरेशी होती. मी तिचं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. कुठेतरी त्या जाहिरातीतल्या, बारीक व्हायच्या पावडरीचा डबा असणारच. फ्रिजमध्ये मोड आलेली मटकी आणि दही. कपाटात डाळीच डाळी. शेवटी सगळ्यात मागे एका डब्यात पांढरी पावडर सापडली! चिमूटभर जिभेवर टाकली. खाण्याचा सोडा निघाला.

दुपारी तिनं भाकरी थापून दुरडीत फडक्याखाली ठेवल्या आणि चक्क सगळ्यांसोबत स्वतःचं ताट घेऊन बसली. वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, काकडी, दही. भाकरी एकच, ती अजून दुरडीत.

"एवढंच?" मी विचारलं.

"हाव. डॉक्टर म्हनले, या वयात बाईचं मांस झिजतं अन् चरबी बसते. म्हनून डाळ-उसळ पोटभर, भाकरी बेतानं. संध्याकाळी चालायला जाते."

"अन् खरं काय करून राहिलीस?"

ती हसली. "ताई, पहिले मी सगळ्यांचं झाल्यावर बसायचे. लेकानं टाकलेली अर्धी भाकरी, ह्यांचा उरलेला भात, कढईला लागलेलं तेल भाकरीनं पुसून. टाकवत न्हाई ना! हे सगळं अन्न वाया जाऊ नये म्हनून, अन् मग त्याच्यावर माझं जेवन. आता उरलं तर उरलं, संध्याकाळी सगळ्यांनी वाटून खायचं. माझं पोट काय उरल्यासुरल्याचा डबा हाय?"

कढई पुसण्यात मी तिची गुरू होते.

तेवढ्यात माझा दीर उठला. हा तोच माणूस, जो माठाशेजारी बसून पाण्यासाठी हाका मारायचा. त्यानं दुरडीतली भाकरी गॅसवर शेकली, फुगवली आणि बायकोच्या ताटात टाकली. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही! वाफ निघणारा तुकडा मोडून ती वरणात बुडवू लागली. तिच्या कंबरेनं मला इतके दिवस जाळलं होतं. पण त्या भाकरीपुढे कंबर काहीच नव्हती. मी आयुष्यभर भाकरी थापत आले, आणि तव्यावरून उतरलेली माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. डाळ घ्यायची विसरून मी परतले.

दुसऱ्या दिवशी नांदेडला नवरा आणि मुलगा जेवायला बसले. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. मी मधोमध माझं ताट मांडलं.

"कोनी पाहुनं येनार हाय का?" नवरा म्हणाला.

"आलंय. मीच. उठा, एक भाकरी शेकून आना."

तो मुलाकडे बघून राहिला, मुलगा ताटाकडे. मी वरण खात बसले. शेवटी तो उठला. गॅसशी खुडबुड झाली, चटका बसल्याचा आवाज आला, आणि एका बाजूनं काळी, पण गरम भाकरी माझ्या ताटात आली. मी ती मोडली. वाफ नाकात गेली. डोळे मिटून घेतले.

उघडले तर दारात सासूबाई. पुरुषांचं झाल्यावर माझ्यासोबत गार भाकरी कुस्करून खाणाऱ्या. लातूरला मी ज्या नजरेनं पाहत होते, अगदी त्याच नजरेनं माझ्या ताटाकडे पाहत उभ्या. आता घराण्याची रीत निघणार म्हणून मी घास तसाच धरून ठेवला.

त्या आत आल्या, कोपरानं मला ढकललं आणि माझ्या नवऱ्यावर ओरडल्या, "बायकोलाच देतूस व्हय रं? सरक गं तिकडं, मलाबी गरम पायजे!"