बाई कुठं बसली

रंगनाथमामा कुत्रीला अहो-जाहो करायचे. पोलीस खात्यात उभी हयात गेलेला माणूस, शिवी घातल्याशिवाय ज्याचं वाक्य पुरं होत नसे, तो एका काळ्या डॉबरमन कुत्रीसमोर उकिडवा बसून म्हणायचा, "बाई, चला. साहेब लोकं खोळंबल्यात." सरकारी कागदावर तिचं नाव ज्युली होतं. मामांना ते नाव आवडत नसे. "सिनेमातली वाटती," म्हणायचे. त्यांनी तिला बाई केलं, आणि हळूहळू सगळं पोलीस खातं तिला बाई म्हणायला लागलं. शिपायाला कुणी मान देत नव्हतं, पण बाईला वाट करून दिली जायची.

मामा श्वान पथकात जमादार होते. गुन्हा घडला की बाईला घेऊन जायचं, तिला वास द्यायचा आणि ती नेईल तिकडं दोर धरून पळायचं, एवढंच त्यांचं काम. मी बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर. आमची ओळख एका घरफोडीच्या पंचनाम्याला झाली. "श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले," हे वाक्य मी मामांच्या समोरच वहीत उतरवत होतो. ते डोकावून म्हणाले, "पत्रकार, कावून एवढं बूड टेकून लिहिताय? छापूनच ठेवा की. आमची कुत्री कायम रस्त्यावरच घुटमळत्यात." मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढं चहाच्या टपरीवर बसणं वाढलं तसा त्या वाक्याचा अर्थ मला कळला. बाईचा दोर मामांच्या डाव्या हाताभोवती गुंडाळलेला असे. ती नको त्या दाराकडं निघाली, म्हणजे एखाद्या पुढाऱ्याच्या शेतघराकडं किंवा हप्ता पोचवणाऱ्याच्या वाड्याकडं, की मामांचं मनगट नुसतं वळायचं. गळपट्टा आवळला की बाई बिचारी गोंधळून रस्त्यावरच गोल फिरायची. एकदा मी सरळच विचारलं, "मामा, हे बरं आहे का?" ते कपात बघत म्हणाले, "बाई खोटं बोलत न्हाई, भाऊ. खोटं बोलायची नोकरी सरकारनं मला दिलीय."

मात्र त्यांचा एक नेम होता. बाईनं खरा माग काढला की ते खिशातून ग्लुकोजचं बिस्कीट काढून तिला भरवायचे. दोर ओढून थांबवलेल्या दिवशी बिस्कीट नाही. बाई आशेनं बघत बसायची आणि मामा दुसरीकडं तोंड करायचे. "खोट्याचं खाऊ घातलं तर नासंल ती," म्हणायचे. स्वतः मात्र खोट्याचं खात होते, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला हा माणूस आवडायचा तो यामुळंच. स्वतःला फसवायची कला त्याला साधली नव्हती.

ते खात होते त्यालाही एक कारण होतं. बायको वारली त्या वर्षी मामा दारूत बुडाले. ड्युटीवर एका वरिष्ठाच्या अंगावर धावून गेले आणि निलंबित झाले. तेव्हा शहरातल्या एका ठाण्याच्या साहेबांनी शब्द टाकून त्यांना परत कामावर घेतलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय. मामांचा एकुलता एक मुलगा बाळू पोलिसात लागला, तर साहेबांनी त्याला स्वतःच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. बाळू उंचापुरा, अबोल पोरगा. आईमाघारी बापानं त्याला हातानं भाकरी थापून वाढवलेला. मामा मला म्हणायचे, "साहेबाचं मीठ आमच्या दोन पिढ्यांनी खाल्लंय. आता ते अंगातून काढायचं म्हनलं तर चामडं सोलावं लागंल."

ती वेळ युनूसमुळं आली. युनूस बसस्टँडजवळ सीताफळं-डाळिंबांचा गाडा लावायचा. त्याचे वडील करीमचाचा यांनीही जन्मभर तेच केलं होतं. साहेबांचे लोक गाड्यांवरून हप्ता गोळा करत आणि चाचा तो मुकाट्यानं देत आले होते. युनूसनं दिला नाही. वर लाचलुचपतवाल्यांकडं जाऊन तक्रार केली, साहेबांचं नाव घेऊन. साऱ्या बाजारानं त्याची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या गाड्यापाशी उभं राहायला कुणी तयार होईना. मी त्याची बातमी दिली होती. संपादकांनी साहेबांचं नाव गाळून ती छापली.

पालीला धरणाच्या मागं एक जुनं आमराईचं रान आहे. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिथं युनूस मेलेला सापडला. हात पाठीमागं दोरीनं बांधलेले. मी पोचलो तेव्हा मामा आणि बाई आलेच होते. साहेबांची जीप आमच्यामागून आली आणि लांब बांधावर थांबली. साहेब उतरून पुढं आले. बाळू जीपला टेकून उभा राहिला, प्रेताकडं फिरकलाही नाही. मामांनी युनूसच्या हातांची सोडलेली दोरी बाईच्या नाकाशी धरली.

बाईनं एक फेरी मारली, नाक जमिनीला लावलं, मग वर करून हवेत धरलं. आणि सरळ निघाली. पोलिसांची रांग ओलांडून, साहेबांच्या बाजूनं, बांधावर जीपपाशी गेली. तिनं बाळूचे बूट हुंगले, हात हुंगले आणि त्याच्यासमोर बसली.

साहेब मोठ्यानं हसले. "घरचं माणूस दिसलं की बाईला. काय बे रंगनाथ, ड्युटीवरबी लाड?" सगळे हसले. बाळूनं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. रोज त्याला बघून जी कुत्री अंग घुसळायची, ती हलली नाही. ती ताठ बसून मामांकडं बघत होती.

मी मामांच्या डाव्या हाताकडं बघत होतो. दोर ढिला होता. उजवा हात खिशाकडं गेला, थांबला, परत गेला. त्यांनी बिस्कीट काढलं, बाईजवळ गेले आणि तिच्या तोंडात दिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हसणं चालूच होतं, पण साहेबांचं थांबलं. त्या बिस्किटाचा अर्थ मला कळला तसा त्यांनाही कळला असावा.

पंचनाम्यात बाई रस्त्यापर्यंतच गेली. साहेबांनी त्याच दुपारी मामांना बोलावून घेतलं. मामांनी ते मला नंतर सांगितलं, आवाज न चढवता. "साहेब म्हनले, पोरगं माझ्या गाडीवर हाय तवर त्याला कायबी व्हणार न्हाई. गाडीवरनं उतरलं तर माझा इलाज न्हाई. चहा पाजला मला. बशी सोता पुढं केली." त्या दिवसांत गावात सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि तेच मला सोसत नव्हतं. मागून येणाऱ्या गाडीनं हॉर्न वाजवला तरी मी दचकायचो. टपरीवर आम्ही बसलो की शेजारचं बाकडं रिकामं व्हायचं.

मग करीमचाचा श्वान पथकाच्या फाटकावर यायला लागले. पांढरी टोपी, हातात काही नाही. आत शिरायचे नाहीत. मामा बाईला फिरवून आणायचे तेव्हा एवढंच विचारायचे, "जमादारसाब, माझ्या पोराच्या वक्ताला बाई कुठं बसली व्हती?"

"रस्त्यावर, चाचा."

"बरं." असं म्हणून चाचा जायचे. परत यायचे, परत तेच विचारायचे. न भांडणं, न शिव्याशाप. मामा मला म्हणाले, "त्यानं मला जोड्यानं मारलं आसतं तर बरं झालं आसतं. त्यो बरं म्हनतो आन जातो. एका बापानं दुसऱ्याला किती डाव इचारावं?"

मामांनी बाळूला घरी जेवायला बसवून विचारलं. युनूसला त्यानं मारलं का, एवढंच. बाळू ताटावरून उठला. दारात थांबून म्हणाला, "दादा, तुमी कुत्रं सांभाळा. मला काय इचारू नगा." तो गेला तसे मामा अख्खी दुपार त्या उष्ट्या ताटापाशी बसून राहिले. बाळूच्या हाताला दोरीचा वास आहे, म्हणजे त्यानं दोरी बांधली, हे त्यांना कळत होतं. पण कुणाच्या सांगण्यावरून, आणि मारलं कुणी, हे बाळूशिवाय कोण सांगणार? "पोरगं आडकलं तर बोलंल," ते मला म्हणाले. "न बोलता गाडीवर ऱ्हायलं तर त्येचं साहेबच व्हईल. म्या एक जमादार झालो तेवढं बास हाय आमच्या घरात."

दरम्यान चाचांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला आणि तपास बाहेरच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडं गेला. साहेबांची नुसती बदली झाली. त्याच आठवड्यात चाचा फाटकाशी आले. मामांनी बाईला बसवलं, टोपी काढून हातात घेतली. "चाचा, बाई माझ्या पोरापाशी बसली व्हती. बाळूपाशी." चाचांनी मामांचा खांदा धरला, आधार द्यायला की घ्यायला कोण जाणे. मामा तिथूनच अधिकाऱ्यांकडं गेले आणि न्यायाधीशासमोर तसाच जबाब दिला.

बाळूला अटक झाली. मामांना वाटलं होतं, आता तो तोंड उघडेल. बाळूनं उघडलं, पण काय सांगितलं? गाड्यावरून युनूसशी आपलं भांडण झालं होतं, आपण एकट्यानं मारलं, साहेबांचा काही संबंध नाही. हे ऐकून मामा माझ्या घरी आले आणि माझ्या बायकोसमोर लहान मुलासारखे रडले. "भाऊ, म्या पोरगं दिलं आन त्यानं साहेब वाचवला. मीठ माझ्यापरीस त्येच्यातच जास्त मुरलं." जेलच्या भेटीला गेले तर बाळूनं भेट नाकारली. तरी मामा दर भेटीच्या वारी जायचे, बाहेरच्या लिंबाखाली बसून परत यायचे.

खात्यात त्यांना कुणी पाणी विचारेना. बाईला दुसऱ्या जमादाराकडं दिलं. मामांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि आपल्या गावी, चकलांब्याला, जाऊन राहिले. मी एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, "रात्री कान देऊन ऐकतो. बाई आसती तर निवांत झोपलो आसतो." मी म्हटलं, माझ्याकडं चला बीडला. ते नको म्हणाले. "तुमच्याबी दारात गाडी थांबाया लागंल. लेकरं हायती तुमाला." एक जीप रोज संध्याकाळी फाट्यावर उभी असते, नंबरावर चिखल असतो, हेही त्यांनी सांगितलं. मी ते तपास अधिकाऱ्यांना कळवलं. त्यांनी लक्ष घालतो म्हटलं.

युनूसच्या खटल्यात मामांची साक्ष व्हायची होती. तिच्या आधीच, सकाळी डेअरीला दूध घालून परतताना, फाट्यावर एका वाहनानं त्यांना उडवलं. वाहन सापडलं नाही.

अंत्यविधीसाठी कोर्टानं बाळूला सोडलं, हातात बेडी आणि सोबत पोलीस. चाचा बीडहून माझ्या मोटारसायकलवर आले होते आणि लोकांच्या मागं उभे होते. आम्ही मामांना सरणावर ठेवलं तोच साहेबांची गाडी आली. नवी नेमणूक दूरची होती, तरी आले. हातात मोठा हार होता. गर्दी बाजूला झाली. त्यांनी हार घातला, हात जोडले आणि बाळूच्या खांद्यावर थोपटलं. "धीर धर, बाळू. मी हाय."

बाळूनं तो हार उचलला आणि बेडीतल्या हातांनी साहेबांपुढं धरला. "हे घेऊन जा, साहेब. तुमी म्हनला व्हता, तोंड उघडलं तर बाप जाईल. म्या उघडलं न्हाई. बापाला तोंडबी दाखवलं न्हाई, त्येंनी इचारलं तर बोलून जाईन म्हनून. तरी दादा गेले." त्याचा आवाज अगदी साधा होता. "दोरी म्या बांधली. मारलं तुमी. आता कोर्टात सांगतो. ज्याच्यासाठी भ्यावं आसं घरी कुणी उरलं न्हाई."

साहेबांनी हार घेतला. इतक्या लोकांसमोर दुसरं काय करणार? सोबतचे पोलीस जमिनीकडं बघत होते. हे ऐकायला मामा जन्मभर दोर ढिला सोडून बसले असते, आणि ते सरणावर होते. माझ्या मनात आलं की आत्ता उठून बसतील आणि पोराला शिवी घालतील. बाळूनं अग्नी दिला.

त्याला परत गाडीत बसवू लागले तेव्हा साहेब दोन पोलिसांना बाजूला घेऊन काहीतरी बोलत होते. चकलांब्याहून बीडचं जेल लांब आहे आणि मधला बराच रस्ता उजाड रानातून जातो. चाचा घाईनं माझ्याकडं आले. "पत्रकारसाब, गाडी काढा. ही गाडी मधी कुठं थांबाया नको."

मी मोटारसायकल काढली. चाचा मागं बसले. पोलिसांची गाडी निघाली तसे आम्ही तिच्या मागं लागलो, तिची धूळ खात. एका वळणावर, जिथं ना घर ना माणूस, तिथं ती हळू झाली, रस्त्याच्या कडेला आली. मी ब्रेक लावला नाही, अगदी जवळ नेली. चाचांनी मागं बसल्या बसल्या टोपी काढून हात उंच केला, आपण आहोत हे दिसावं म्हणून. मागच्या जाळीतून एका पोलिसानं आमच्याकडं बराच वेळ बघितलं. मग गाडी पुन्हा चालू लागली.

जेलच्या दारात बाळू उतरला. त्यानं चाचांना ओळखलं आणि मान खाली घातली. युनूसचे हात त्यानंच बांधले होते. चाचांनी टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"आत जा," ते म्हणाले. "उद्या सकाळी येतो. तू हायस का बघाया."