तीनदा ऐकणारे जमादार

निजामाच्या राज्यात धारूरच्या ठाण्यातले जमादार कोणतीही फिर्याद आधी तीनदा तोंडी ऐकत, आणि तोवर बोरू तासत बसत. माझा बैल हरवला तेव्हा मी बेधडक शेजाऱ्याचं नाव घेतलं.

“लिवा की जमादारसाब, त्यानंच चोरला!”

“लिवलं की कागद वरच्या अमीनसाबाकडं, तिथनं बीडला जिल्ह्याच्या मोहतमीमसाबाकडं. मंग खोडता येत न्हाई. पुन्ना सांगा.”

मी तिसऱ्यांदा तावातावानं सांगत होतो, तोच शेजारी माझा बैल घेऊन दारात हजर. “आमच्या ज्वारीत शिरलता. तुमच्या घरी गेलतो, तर कळलं, तुमी इथं. कावून आलात?”

जमादार शांतपणे म्हणाले, “सकाळधरनं तुमचंच नाव घ्यायलेत. म्हनले, बैल असंल तर तुमच्याकडंच.”

शेजारी लई सुखावला. हा किस्सा तो मरेपर्यंत गावाला अभिमानानं सांगायचा, आणि त्याच्याजवळ बसून मी मान डोलवायचो.