झोक्याची मोजणी

"घाई काय शे, सर?" ड्रमसमोर बसले की नाना आधी बाह्या दुमडत, काठ्या मांडीवर ठेवत आणि खिडकीबाहेर बघत राहत. मी माईक लावून ताटकळत असे.

तरुणपणी ते भुसावळला रेल्वेच्या क्लबात जॅझ वाजवायचे. पुढे जळगावात लग्नाच्या बँडमध्ये. तुम्ही वरातीत त्यांना पाहिलंही असेल. चेहरा लक्षात राहिला नसेल.

मी इथल्या कॉलेजात संगणक शिकवतो. जॅझमधला स्विंग मोजायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. नाना त्याला झोका म्हणत. दोन ठोक्यांतला दुसरा जरा रेंगाळतो. किती रेंगाळतो, ते संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतो.

बँडमध्ये कीबोर्डचा ताल बटणावर चाले. "नाना, तुम्ही मागे पडता," असं सगळे म्हणत. माझ्या मोजणीचं ऐकून एका दुपारी ते माझ्याकडे आले. "मशीनले इचारा. मी चुकस का?"

मी मोजलं. प्रत्येक दुसरा ठोका उशिरा, पण उशीर दर वेळी तेवढाच. "ही चूक नाही, नाना. हाच तुमचा झोका."

त्या मोजणीचा छापलेला आलेख त्यांनी पिशवीत घालून बँडमास्तरला दाखवला. त्यानं विचारलं, "ईसीजी कोणाचा काढला?" सांगताना नाना स्वतःच हसले.

पुढच्या वर्षी आलेख बिघडला. काही ठोके लवकर, काही फारच उशिरा. दोन वेळा मी काही बोललो नाही. एव्हाना मीही थकलो होतो. या मोजणीवर लिहिलेला शोधनिबंध नियतकालिकांकडून दोनदा परत आला होता.

"सांगा ना," ते म्हणाले. "डाक्टर बी असाच गप बसना व्हता."

"उजवा हात आता एकसारखा पडत नाही, नाना."

ते संगणकाच्या पडद्याकडे वळले. "बठ्ठा इस्कटी गया?"

"सगळा नाही विस्कटला. पाय अजून तसाच आहे."

मग त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि बराच वेळ नुसत्या पायानं मोठा ड्रम वाजवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून बँड सोडला आणि धुळ्याला मुलीकडे राहायला गेले.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला. "सर, नाना गेले. त्यांचं काही आहे का तुमच्याकडे?"

त्यांनी सगळ्यात सुरेख वाजवलेलं रेकॉर्डिंग मी पाठवलं. तासाभरानं तिनं पुन्हा फोन केला. "छान आहे, सर. पण एखाद्यात ते बोललेले नाहीत का? नुसते खोकले असतील तरी चालेल."

मी सगळ्या फाइली उघडून बघितल्या. मोजणीच्या आड येतं म्हणून बोलणं, खोकणं मी दर वेळी कापून टाकलं होतं. माझ्याकडे नुसते ठोके होते.